एवढ्याशा बेटाचा पौंड अजून इतका वजनदार कसा?

कोल्हापूरची_माय (सोम, दुपारी ३:१०)

नमस्कार मंडळी. लेकीला इंग्लंडात लीड्सला एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. आज फीच्या पहिल्या हप्त्याची चौकशी करायला बँकेत गेले होते. काउंटरच्या काचेला त्या दिवसाच्या दरांचा कागद चिकटवलेला असतो, त्यातली पौंडाची ओळ बघून पोटात गोळाच आला. एका पौंडाला शंभराच्या वर रुपये, शिवाय बँकेचे पैसे वेगळे. घरी येऊन वहीत वर्षाचा हिशेब मांडला आणि वही मिटून ठेवली.

माझा प्रश्न असा: आपली अर्थव्यवस्था आकाराने ब्रिटनच्या पुढे गेली असं आपण वाचतो. त्यांचं साम्राज्य जाऊनही पाऊणशे वर्षं झाली. मग त्यांच्या एकाला आपले शंभर का मोजायचे? आणि जगाच्या पैशाच्या व्यवहारात पौंडाला आज खरंच काही मान आहे, की नुसतं जुनं नाव राहिलंय? सोप्या भाषेत कुणी सांगेल का? धाकटा तर विचारतोय, "आई, केकचा पौंड आणि हा पौंड एकच का?" मला उत्तर देता आलं नाही.

पिंपळपान (सोम, ३:४०)

लेकीचं मनापासून अभिनंदन ताई! आम्हा कोथरूडकरांना पौंड म्हटलं की आधी पौड रस्ताच दिसतो. :) बसून राहते इथेच, मलाही हे समजून घ्यायचंय.

तराजू (सोम, सायं. ५:२५)

धाकट्याला सांगा, दोन्ही पौंड एकच! आधी वजन, मग चलन. आठव्या शतकात इंग्लंडात ऑफा नावाच्या राजाच्या काळात चांदीच्या पेनी चालू झाल्या. एक पौंड वजनाच्या चांदीतून २४० पेनी पाडायच्या, म्हणून २४० पेनी म्हणजे एक पौंड. पौंडाचं स्वतंत्र नाणं तेव्हा नव्हतंच, ती नुसती वहीतली रक्कम. सोन्याचं पहिलं नाणं सातव्या हेन्रीने १४८९ मध्ये काढलं. आजही जे चिन्ह लिहितात ते लॅटिन 'लिब्रा'चं आद्याक्षर आहे, आणि लिब्रा म्हणजे तराजू. आपल्याकडे रुपया आणि तोळा यांचं नातं असंच होतं. इंग्रजी अमलात चांदीचा रुपया बरोबर एक तोळा भरायचा, आणि आमच्या आजीकडे तराजूत वजन म्हणून रुपयेच टाकत.

आता शंभराचं. एका पौंडाला किती रुपये पडतात यावरून कोण बलवान हे ठरत नाही. कुवेतचा दिनार पौंडापेक्षा कितीतरी महाग आहे, पण इतर देशांच्या मध्यवर्ती बँका आपल्या गंगाजळीत, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्यात, कुवेती दिनार साठवत नाहीत. उलट जपानचा एक येन आपल्या एका रुपयापेक्षाही स्वस्त, आणि तरी तो जगातल्या पहिल्या चार चलनांत आहे. चलनाचं एकक केवढं धरायचं हे ज्याने त्याने कधीतरी ठरवलेलं असतं. बघायचं ते हे, की गेल्या पन्नास वर्षांत कुणाकडे महागाई जास्त झाली आणि कुणाचा आकडा किती घसरला.

जमाखर्च (सोम, रात्री ९:०५)

तराजू यांचं बरोबर आहे, पण ताईंच्या मनातली खरी ठसठस वेगळी आहे, ती मी सांगतो. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी परकीय चलनाच्या टेबलावर.

माझे वडील मुंबईत एका आयात-निर्यात पेढीत होते. त्यांच्या वहीत पौंडाचा भाव कायम एकच लिहिलेला असे: १३ रुपये ५ आणे ४ पै. वर्षानुवर्षं तोच. १९२७ च्या कायद्याने एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स ठरवला गेला (तेव्हा पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स), त्याचा हा उलटा हिशेब. स्वातंत्र्य मिळालं तरी तो बदलला नाही. १९४९ च्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला, तेव्हा आपणही रुपया तेवढाच खाली आणला. त्यामुळे डॉलर महागला, पण वडिलांच्या वहीतला पौंड जागचा हलला नाही.

तो हलला ६ जून १९६६ ला. आपण अवमूल्यन केलं आणि पौंड एका रात्रीत २१ रुपयांचा झाला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनने पुन्हा पौंड खाली आणला, आपण या वेळी मागे गेलो नाही, म्हणून तो १८ वर उतरला. १९७१ च्या डिसेंबरात आपण रुपया परत पौंडाला बांधला आणि सप्टेंबर १९७५ ला दावं सोडलं, तेव्हापासून अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "दर रोज सकाळी नवा येतो, कालचा पाठ करू नकोस." वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणजे ताई, १३ चे १०० झाले ते साम्राज्यामुळे नव्हे. मुख्यत्वे १९६६ नंतर आपल्याकडे महागाई त्यांच्यापेक्षा जास्त राहिली त्यामुळे.

गंधालीची_आई (सोम, ९:४०)

किती छान लिहिलंत काका. १३-५-४! माझ्या सासूबाईंच्या डब्यात एक गिनी आहे. एका बाजूला राजाचं तोंड, दुसरीकडे घोड्यावर बसून अजगर मारणारा वीर. ती पौंडच ना? सासूबाई सांगतात त्यांच्या आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणली होती.

चिकित्सक_चिं (सोम, १०:१५)

आपण गिनी म्हणतो ते नाणं खरं तर सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचा एक पौंड. मूळ गिनी वेगळी: १६६३ पासूनची, आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून आलेल्या सोन्याची म्हणून ते नाव. न्यूटन (तोच, सफरचंदवाला) टांकसाळीचा मुख्य अधिकारी होता. १७१७ मध्ये त्याच्या शिफारशीवरून गिनीचा भाव २१ शिलिंग ठरला आणि त्या भावाने चांदी देशाबाहेर जाऊन इंग्लंड हळूहळू सोन्यावर आलं. १८१७ पासून सॉव्हरिन आली, ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरेटची. तुमच्या सराफाने ८ ग्रॅम सांगितलं असेल, ते जवळपास बरोबर.

गंधालीताई, भिंग घेऊन घोड्याच्या पायाखालची जमीन बघा, सालाच्या आकड्याच्या किंचित वर. तिथे बारीक रोमन अक्षर असेल तर नाणं लंडनच्या बाहेर पाडलेलं. 'आय' असेल तर १९१८ ला मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. सॉव्हरिन त्या काळी मुंबईत फक्त त्या एका वर्षीच पाडली गेली. महायुद्धाचा काळ होता, लंडनहून सोनं आणणं धोक्याचं.

गंधालीची_आई (सोम, १०:२२)

काय सांगता! सासूबाई गावाला आहेत, शनिवारी जाणार आहे. भिंग घेऊनच जाते.

वारणेकाठचा (मंगळ, सकाळी ७:५०)

गिनीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात पणजीच्या सोन्याची गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते, पण तिचा पौंडाशी संबंध आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

१९३१-३२ चं साल. मंदीमुळे गुळाचे, शेंगांचे भाव निम्म्यावर आलेले, सारा मात्र रोख भरायचा. पणजीने कोल्हापुरी साज आणि पाटल्या कराडच्या पेठेत नेऊन विकल्या. घरात नेहमी सांगायचे की सराफ तेव्हा सोनं "चढ्या भावाने" घेत होता, म्हणून पणजीला वाटलं आपल्याला बरे पैसे मिळाले. साज काढून तिने गळ्यात काळी पोत घातली ती शेवटपर्यंत.

सोनं का चढलं होतं? २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. तोवर पौंड म्हणजे ठरलेलं सोनं, ४.८६ डॉलर. गाठ सुटताच पौंड पडला. रुपया त्याच्या दावणीला, तोही पडला आणि रुपयात मोजलेलं सोनं महाग झालं. खेड्यापाड्यांतून स्त्रियांचे दागिने बाजारात आले, वितळले आणि मुंबई बंदरातून बोटींनी लंडनला गेले. लंडनला तेव्हा सोन्याची गरज होतीच. कराडच्या सराफकट्ट्यावरचा भाव लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर, बँक ऑफ इंग्लंडच्या दारात ठरत होता आणि पणजीला लंडन कुठे आहे हेही माहीत नव्हतं. "पौंडाला मान का" असं कुणी विचारलं की मला तो साज आठवतो. तो मान कुणाच्या तरी गळ्यातून आलेला आहे.

पिंपळपान (मंगळ, ८:२०)

वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कृष्णाकाठ_ते_टेम्स (मंगळ, दुपारी १:००)

वारणेकाठचा, फार आतून लिहिलंत. त्यात एक भर. ज्या दराने हे सगळं झालं त्या एक शिलिंग सहा पेन्सवर आपल्याकडे मोठं भांडण झालं होतं. मुंबईच्या गिरणीमालकांना आणि व्यापाऱ्यांना एक शिलिंग चार पेन्स हवे होते, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. त्यांच्यातलेच सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी सरकारच्या चलन आयोगाच्या अहवालाला तशी भिन्नमतपत्रिका जोडली. कारण साधं आहे: शेतकऱ्याचा कापूस लंडनला एका पौंडाला विकला गेला तर हातात पंधराऐवजी तेराच रुपये येणार, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचं कापड मात्र इथे स्वस्त पडणार. सरकारला तोच दर सोयीचा, कारण लंडनला दरवर्षी पौंडात पाठवायचा खर्च कमी रुपयांत भागायचा. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत मिठाच्या कराइतकीच ही एक शिलिंग चार पेन्सचीही मागणी होती. मिठाचं सगळ्यांना आठवतं, हे आठवत नाही.

मी गेली चौदा वर्षं लंडनला आहे. किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ ला ते घर घेतलं. तिथे गेलं की मला नेहमी वाटतं, या माणसाने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला प्रबंधासाठी विषय कोणता निवडला, तर रुपयाचा! रुपया पौंडाला टांगून ठेवणारी व्यवस्था सरकारच्या हाती मोकळं रान देते, हे साम्राज्याच्या राजधानीत बसून त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्स ज्या व्यवस्थेची तरफदारी करत होता तिच्यावरच त्यांनी बोट ठेवलं. प्रबंध १९२३ ला पुस्तकरूपाने आला आणि पुढे त्यांनी त्याच चलन आयोगापुढे साक्षही दिली.

रोखठोक_७२ (मंगळ, सायं. ६:१०)

इतिहास उत्तम, पण मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पौंड संपलाय. १९१४ पर्यंत जगातला बराचसा व्यापार लंडनवरच्या हुंड्यांवर चालायचा, ब्राझीलची कॉफी हॅम्बुर्गला गेली तरी हुंडी पौंडात. त्यानंतर नुसती उतरण. १९४७ ला पौंड डॉलरमध्ये खुला बदलून देतो म्हणाले आणि पाच आठवड्यांत बंद केलं. १९५६ ला सुएझवर सैन्य पाठवलं, अमेरिकेने पौंडाला हात द्यायचं नाकारलं आणि माघार घ्यावी लागली. १९७६ ला नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलर मागितले. १६ सप्टेंबर १९९२ ला पौंड वाचवायला एका दिवसात व्याजदर १० चा १२ केला, उद्यापासून १५ म्हणाले, आणि संध्याकाळी हात टेकून युरोपातल्या चलनांचे दर एकमेकांना बांधणाऱ्या विनिमय यंत्रणेतून बाहेर पडले. डॉलरच्या भाषेत ४.८६ पासून सुरुवात, २०२२ ला १.०४ च्याही खाली. आज जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत पौंडाचा वाटा शंभरात जेमतेम पाच. डॉलरचा पन्नासच्या वर, युरोचा वीसच्या आसपास. याला मान म्हणायचं?

कृष्णाकाठ_ते_टेम्स (मंगळ, रात्री ११:३०)

रोखठोक, २०२२ चे ते दिवस मी घरात बसून पाहिलेत, म्हणून सांगतो.

आम्ही घर घेत होतो. २३ सप्टेंबरला शुक्रवारी सरकारने करकपातीची मोठी घोषणा केली, पैसे कुठून आणणार ते सांगितलं नाही. सोमवारी पहाटे आशियातले बाजार उघडले आणि पौंड कोसळला. बुधवारी आम्हाला कर्ज देणाऱ्यांचा फोन आला: आधी दिलेला दर मागे घेतोय. बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, तिने माझ्या तोंडाकडे बघून गॅस बंद केला. त्याच बुधवारी, २८ तारखेला, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडून सरकारी रोखे विकत घ्यायला लागावं लागलं, कारण रोख्यांचे भाव इतके घसरले होते की पेन्शन फंडांच्या गळ्याशी आलं होतं. आम्हाला पुढे जे कर्ज मिळालं ते सहा टक्क्यांच्या वर.

पण पुढे काय झालं तेही बघा. अर्थमंत्री गेले. २० ऑक्टोबरला पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. करकपात बहुतेक मागे घेतली आणि काही महिन्यांत पौंड सावरला. बाजाराने कान पिळला आणि देशाने ऐकलं. मला त्या आठवड्यात फार भीती वाटली, पण पौंडावर लोक अजून विश्वास का ठेवतात तेही त्याच आठवड्यात कळलं.

हळदीचं_गाव (बुध, सकाळी ९:१५)

मी अर्थशास्त्रवाला नाही, आडतदुकान आहे आमचं. पण मला वाटतं इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. पौंड वेगळा आणि लंडन वेगळं. लासलगावचा कांद्याचा भाव देशभर का बघतात? बाजार तिथे भरतो म्हणून.

रोखठोक_७२ (बुध, ९:४०)

लासलगावच्या भोवती कांदा पिकतोही! उदाहरण जुळत नाही.

हळदीचं_गाव (बुध, १०:०५)

बरं, मग आमची सांगली घ्या. सांगलीच्या बाजारात येणारी हळद सगळी सांगलीच्या रानातली नसते. कर्नाटकातून येते, मराठवाड्यातून येते. तिथला शेतकरी एवढं भाडं भरून गाडी इकडे का आणतो? इथे घेणारे आहेत, पारखणारे आहेत, पेवं होती, आता गोदामं आहेत, सौद्यात हात घातला की पैसे बुडणार नाहीत ही खात्री आहे. माझे आजोबा म्हणायचे, "पीक हलतं, पेठ हलत नाही." लंडनचं तेच असावं असं वाटतं. चुकलो तर सांगा.

जमाखर्च (बुध, १०:५०)

चुकला नाहीत, वर्मावर बोट ठेवलंत. १९५७ मध्ये पौंडावर संकट आलं तेव्हा ब्रिटिश सरकारने दुसऱ्या देशांच्या आपापसातल्या व्यापाराला पौंडात कर्ज द्यायला आपल्या बँकांवर बंधनं घातली. गिऱ्हाईक दारात, हातात पौंड नाही. त्या बँकांनी मग काय केलं? डॉलरच्या ठेवी घेऊन डॉलरमध्येच कर्ज द्यायला सुरुवात केली. अमेरिकेबाहेरच्या डॉलरचा बाजार लंडनला वाढला तो असा. १९६३ ला इटलीच्या महामार्ग कंपनीसाठी दीड कोटी डॉलरचे रोखे लंडनमध्ये उभे राहिले. पौंड घसरत होता आणि त्याच वेळी लंडन वाढत होतं.

आज जगात चलनांचे रोजचे सौदे होतात त्यांतले शंभरात अडतीस ब्रिटनमध्ये होतात, अमेरिकेच्या साधारण दुप्पट. २०२२ च्या पाहणीत रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती. घड्याळाचाही भाग आहे: सकाळी आशिया मिटत असतो, दुपारी न्यूयॉर्क उघडतं, लंडन दोघांच्या मध्ये. वर इंग्रजी कायदा. भांडण झालं तर लंडनच्या कोर्टात जाऊ, असं दोन तिऱ्हाईत देशांच्या कंपन्या आपल्या करारात लिहून ठेवतात. पौंड-डॉलरच्या भावाला दलाल आजही 'केबल' म्हणतात, कारण १८६६ पासून अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून तो भाव येत असे.

आपल्या रुपयाची गोष्ट तर अधिक जवळची. २०१९ मध्ये असं दिसलं की रुपयाचे सौदे मुंबईपेक्षा लंडनला जास्त होतायत. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने परदेशातल्या रुपयाच्या सौद्यांवर उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. आपल्याच रुपयाचा भाव परत टेम्सकाठी ठरू लागला तर कसं, ही काळजी. पणजीच्या साजाची आठवण असलेल्या माणसाला ती नीट कळेल.

वारणेकाठचा (बुध, ११:२०)

कळली काका.

सुलभा_मनमाड (बुध, दुपारी २:३०)

थोडं अवांतर विचारते. आम्ही २०१२ ला लंडनला गेलो होतो, कपाटात वीस-वीस पौंडांच्या चार कागदी नोटा सापडल्या. चालतील का? भाचा म्हणतो रद्दी झाल्या.

कृष्णाकाठ_ते_टेम्स (बुध, ३:१५)

रद्दी अजिबात नाही मावशी! कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा दुकानात ३० सप्टेंबर २०२२ नंतर चालत नाहीत, आता सगळ्या प्लास्टिकच्या आहेत. पण बँक ऑफ इंग्लंड स्वतः काढलेली कुठलीही जुनी नोट कधीही बदलून देते, त्याला मुदत नाही. कुणी येणारं-जाणारं असेल तर त्यांच्याकडे द्या, किंवा त्यांच्या संकेतस्थळावर टपालाने पाठवायची रीत दिली आहे ती बघा. नोटेवर "धारकाला देण्याचं वचन देतो" हे जे लिहिलेलं असतं ते ती मंडळी अजून पाळतात.

रोखठोक_७२ (बुध, सायं. ५:००)

वचनावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशाने ब्रिटनला माल दिला, माणसं दिली, त्याचे पैसे लंडनला आपल्या नावे नुसते मांडून ठेवले. स्वातंत्र्याच्या वेळी ते शंभर कोटी पौंडांच्या वर होते. आपण सावकार आणि ते कर्जदार! पण पैसे लगेच मिळाले का? गोठवले आणि हप्त्याहप्त्याने मोकळे केले. त्या पैशांमागे बंगालच्या १९४३ च्या दुष्काळातले लोक आहेत. वचन पाळलं म्हणताना हेही लिहायला हवं.

जमाखर्च (बुध, ५:४०)

लिहायलाच हवं, रोखठोक. यात मी तुमच्या बाजूचा आहे.

चिकित्सक_चिं (बुध, रात्री ८:००)

दोन्ही खरं आहे. पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटनने जनतेकडून जे कर्ज घेतलं, त्यातलं मुदत नसलेलं कर्ज त्यांनी मार्च २०१५ मध्ये फेडून टाकलं, जवळपास शंभर वर्षांनी. (मधे १९३२ ला व्याज पाचावरून साडेतीनवर आणलं होतं, तेही नोंदवून ठेवतो.) बँक ऑफ इंग्लंडच १६९४ ला अशा कर्जातून उभी राहिली, राजाला फ्रान्सशी लढायला बारा लाख पौंड हवे होते. घरच्यांचे हप्ते त्यांनी चुकवले नाहीत, आपल्याला मात्र थांबवून ठेवलं. वचन कुणाला दिलंय यावर ते कसं पाळायचं हे ठरत होतं.

सोन्याच्या बाबतीत तीच धास्ती अजूनही आहे. १९९१ च्या जुलैत परकीय चलन संपत आलं तेव्हा आपण ४७ टन सोनं मुंबईहून बँक ऑफ इंग्लंडला पाठवून कर्ज काढलं. ते फिटलं, पण आपलं बरंच सोनं तिथेच ठेवलेलं असे. २०२२ ला रशियाची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, व्हेनेझुएलाचं लंडनमधलं सोनं तर त्याआधीपासून अडकलेलं. २०२४ ला रिझर्व्ह बँकेने १०० टन सोनं ब्रिटनमधून मायदेशी आणलं. माझ्या मते योग्यच केलं.

गंधालीची_आई (शनि, रात्री ९:३०)

भिंग घेऊन गेले होते! सासूबाई, मी आणि गंधाली, तिघी खिडकीत बसलो. साल १९१४. घोड्याच्या मागच्या पायाखाली जमिनीची रेघ आहे, तिच्यावर अगदी मोहरीएवढं अक्षर. गंधालीला पहिल्यांदा दिसलं. 'आय' नाही, 'पी' आहे. मुंबईचं नाही म्हणून मी जरा हिरमुसले.

चिकित्सक_चिं (शनि, १०:१०)

अहो, 'पी' म्हणजे पर्थ! पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतलं सोनं, तिथल्याच टांकसाळीत पाडलेलं. ऑस्ट्रेलियातल्या सॉव्हरिन त्या काळी मुंबईला भरपूर यायच्या. लंडनचं तोंडही न पाहिलेला पौंड आहे तो. ऑस्ट्रेलियात जन्मला, मुंबईत उतरला आणि तुमच्या गावच्या डब्यात शंभर वर्षं बसला. मोडू नका.

गंधालीची_आई (शनि, १०:१४)

छे! सासूबाईंनी परत कापसात गुंडाळून ठेवली. गंधालीने तिचं चित्र काढलंय, वीर कमी आणि घोडा जास्त.

कोल्हापूरची_माय (रवि, सकाळी १०:४५)

रोज रात्री जेवणं झाली की लेक हा धागा मोठ्याने वाचते आणि आम्ही सगळे ऐकतो. १३-५-४ ऐकून माझे सासरे उठून बसले, म्हणाले आमच्या शाळेत शिलिंग-पेन्सची गणितं होती. साजाच्या गोष्टीला घर गप्प झालं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आकड्याला घाबरायचं नाही हे तराजूंनी सांगितलं, पीक आणि पेठ वेगळी हे सांगलीच्या दादांनी.

आता एकच व्यवहाराचं विचारते. पहिला हप्ता अजून भरला नाही. थांबू का? भाव उतरेल का?

जमाखर्च (रवि, ११:२०)

ताई, छत्तीस वर्षांत उद्याचा भाव मला एकदाही सांगता आला नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २३ जून २०१६ ला पौंड शंभराच्या आसपास होता, दुसऱ्या दिवशी ब्रेक्झिटचा निकाल लागला आणि तो नव्वदीच्या घरात आला. आदल्या दिवशी फी भरलेले आईवडील माझ्या टेबलासमोर येऊन बसले होते. आज तो परत शंभराच्या वर आहे, तेव्हा थांबलेलेही हळहळलेच. फीची मुदत असते, भावाला नसते. सगळी रक्कम एकदम न पाठवता हप्त्यांनी भरा, म्हणजे सगळा भार एका दिवसाच्या दरावर पडत नाही. दोन बँकांत विचारा, आणि नुसतं कमिशन विचारू नका: "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि कॉलेजला किती पौंड पोचणार" एवढंच विचारा. कागदावर लिहून घ्या.

कृष्णाकाठ_ते_टेम्स (रवि, दुपारी १२:५०)

आणि लेकीला सांगा, पहिले दोन महिने प्रत्येक वस्तूचे रुपये करत बसू नकोस, नाहीतर जेवणार नाहीस. लीड्सला थंडी जास्त, पण मराठी मुलं भेटतील. काही लागलं तर मला इथे निरोप टाका.

कोल्हापूरची_माय (मंगळ, दुपारी ४:२०)

भरला पहिला हप्ता. काकांनी सांगितलं तसंच विचारलं, दोन बँकांत मिळून अकरा हजारांचा फरक निघाला! पावती देवापुढे ठेवली आहे. धाकटा विचारतोय, ताईच्या निरोपाला किती पौंडांचा केक आणायचा.